नवापूरचं जेट आणि आईचा टोप

सुके बोंबील बोईसरच्या बाजारात न घेता सायकल मारत थेट समुद्रकाठच्या नवापूरला जाऊन घ्यायचे, एवढंच मी त्या रविवारी ठरवलं होतं. आता यात वाईट काय होतं ते तुम्हीच सांगा! बायको माहेरी केळव्याला गेलेली. तिच्या भावाचं, चंद्रभानचं लग्न जवळ आलेलं, त्यामुळे तिकडे पापड लाटणं चाललेलं. पुढच्या रविवारी चंद्रभानचं केळवण आमच्याकडे व्हायचं होतं, चाळीस पान. जाताना बायकोनं मला दारातून बजावलं, "मी येईपर्यंत काही करू नका." काय करू नका ते सांगितलं नाही. नुसतं 'काही करू नका'. बारा वर्षांच्या संसारात पुष्पलतेचं माझ्याविषयी एवढंच मत तयार झालेलं आहे.

हा चंद्रभान एअर फोर्समध्ये आहे. विमान उडवत नाही, दुरुस्त करतो. पण खऱ्या जेटला लागलेला हात आमच्या अख्ख्या नात्यात त्याचा एकट्याचा. आणि मी, ज्याला नॅट, हंटर आणि मिस्टेअर या विमानांची लांबी-रुंदी झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते, तो मी पालघरच्या कचेरीत जावक रजिस्टरात आकडे घालतो. हा देशाचा तोटा आहे. माझं काही गेलेलं नाही.

पासष्टच्या लढाईत काचांना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, आठवतं? आकाशात जरा घरघर झाली की आमची सगळी चाळ खाटांखाली. अंगणात मान वर करून उभा असायचो मी एकटा. "हंटर! हंटर आहे!" असं ओरडून धीर द्यायचो. (एकदा ते तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कामावरचं खडी फोडायचं मशीन निघालं. पण आवाज हंटरचाच होता, यावर मी आजही ठाम आहे.) लढाई संपली, वर्ष झालं, आणि लोक सगळं विसरले. आमचे हेडक्लार्क नागोराव माझी विमानांच्या कात्रणांची वही बघून म्हणाले, "पुंडलिकराव, यात फोडणीच्या वड्यांची एखादी कृती आहे का हो?" अशा माणसांत आयुष्य काढायचं! या देशात लोक पंचवीस वर्षांचं लोणचं जपतील, आजोबांची कवळी जपतील, पण जेटचा एक स्क्रू कोणी जपून ठेवील तर शपथ.

तर मी नवापूरला पोचलो. नामदेव तांडेलाच्या घरामागं दोरीवर बोंबील वाळत होते. त्याची बायको येसूबाई मला जुडी बांधून देत होती आणि मी उगाच इकडेतिकडे बघत होतो. तेवढ्यात कुंपणापाशी पडलेल्या एका चंदेरी नळकांड्यातून कोंबडी बाहेर आली. मागोमाग दुसरी. नळकांडं चांगलं चार हात लांब, गुळगुळीत, आणि त्याच्या अंगावर काळ्या रंगात इंग्रजी आकडे. माझ्या हातातली पिशवी गळाली.

"येसूबाई, हे काय आहे?"

"खुराडा."

"खुराडं काय म्हणता! अहो, हे जेट आहे! जेट विमानाचं धड आहे हे!"

"असंल," येसूबाई म्हणाली. "कोंबड्यांना त्याचा काय?"

मग कळलं ते असं. पावसाळ्याआधी नामदेवाच्या जाळ्यात हे धूड आलं होतं. जाळं फाटलं म्हणून आधी सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या आणि मग किनाऱ्यावर आणून त्याचे रीतीप्रमाणे वाटे पाडले. "जाल्यात गावला त्याचे वाटे पडतात," येसूबाईनं मला समजावलं. "होडीचा वाटा, जाल्याचा वाटा, खलाशाचा वाटा. घोल गावू दे नायतर इमान गावू दे." होडी नामदेवाची, म्हणून मधला भाग येसूबाईला. जाळं हिराच्या नवऱ्याचं, म्हणून पुढचं टोक हिराला. खलाशी जमुनाचा नवरा, म्हणून शेपूट जमुनाकडं. करवतीनं कापलं होतं! शत्रूचं सेबर जेट, आणि त्याचे सरंग्यासारखे तीन तुकडे!

(ते सेबरच आहे हे मी कशावरून ओळखलं, असं कोणी विचारू नये. जाणकाराला असल्या गोष्टी वासावरून कळतात. वास त्या वेळी कोंबड्यांचा येत होता, ही गोष्ट वेगळी.)

"पन यात मानूस बसतो कुठं?" येसूबाईनं विचारलं. "माजी कोंबडीबी वाकून जाते."

"शत्रूचे पायलट अंगानं बारीक असतात," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर तिथूनच परत फिरला असता. मी फिरलो नाही. मी हिराकडे गेलो. तिनं जेटचं नाक टोक खाली करून वाळूत पुरलं होतं आणि त्यात पिण्याचं पाणी भरलं होतं. मी जमुनाकडे गेलो. शेपटात मिठाच्या पाण्यात मांदेली मुरत पडली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं मांदेलीमुळे.) हा ठेवा इथून हलवायचा, जोडायचा आणि जपायचा, आणि रविवारी चंद्रभान दारात आला की त्याच्यासमोर उभा करायचा, असं मी तिथंच ठरवलं. मला त्याच्या तोंडून फक्त एक वाक्य ऐकायचं होतं, 'भावोजी, तुम्ही खरे जाणकार.' बारा वर्षांत सासरच्या कोणाकडून असलं काही ऐकलं नव्हतं.

मी पैसे देऊ केले. तिघीही हसल्या.

"पैशात पानी रहातो काय?" हिरा म्हणाली. "भांडा नेताय तर भांडा द्या."

बोलणं रास्त होतं, हे आज कबूल करतो. हिराला पाण्यासाठी मोठा टोप हवा होता, जमुनाला हंडा, आणि येसूबाईला, खुराड्याच्या बदल्यात का होईना, मासळी निवडायला परात.

योगायोग असा की आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर नेमका एक पितळी टोप, एक तांब्याचा हंडा आणि एक परात होती. वर्षातून दोन-तीनदा खाली उतरायची, बाकी नुसती धूळ खात बसलेली. त्यांच्यावर नाव घातलेलं होतं, 'चि. सौ. पुष्पलता हिस आईकडून'. ते मी वाचलं. अगदी वाचलं नाही असं म्हणणार नाही. पण मी मनाला विचारलं, एका बाजूला देशाचा हवाई इतिहास आणि दुसऱ्या बाजूला भात शिजवायचं भांडं, शहाण्या माणसानं काय निवडावं? मन म्हणालं, भांडी काय, पुन्हा घेता येतील. (माझं मन मला नेहमी हवं तेच सांगतं. फार आज्ञाधारक आहे.)

सोमवारी रजा टाकून बैलगाडीतून तीन भांडी गेली आणि तीन तुकडे आले. बोईसर स्टेशनाजवळच्या दादू पत्रेवाल्याला मी बोलावलं. तो बादल्यांना बूड लावतो, त्यामुळे स्वतःला इंजिनियर समजतो.

"हे जोडून काय करायचंय?" त्यानं विचारलं.

"जतन."

"म्हणजे काय ठेवायचं यात?"

"यात काही ठेवायचं नाही. हेच ठेवायचं."

दादूनं एकवार माझ्याकडे आणि एकवार वर आकाशाकडे पाहिलं आणि कामाला लागला. दोन-दोन बोटांवर भोक पाडून त्यानं आतून पट्टी लावली, रिबीट ठोकले आणि जेट उभं राहिलं. म्हणजे आडवं राहिलं. लांबी अकरा फूट, आमची पुढची खोली दहा फूट. नाक उंबऱ्याबाहेर राहिलं. मी पाटी रंगवली, 'शत्रूचे जेट विमान. हात लावू नये.' दुसऱ्या दिवशी शेजारच्या मंगळीबाईंनी त्या नाकावर मुलाची लंगोटं वाळत घातली. हात लावला नव्हता, असं त्यांचं म्हणणं. आणि मांदेलीचा वास काही केल्या जाईना, सोडा लावला, राख लावली, लिंबू लावलं, पण बोईसरमधलं प्रत्येक मांजर आमच्या दाराशी येऊन बसायला लागलं. त्या आठवड्यात माझ्या संग्रहाला भक्तिभावानं भेट देणारे म्हणजे तेवढेच.

शुक्रवारी बायको आली. दारातच थांबली. आधी मांजरांकडे बघितलं, मग लंगोटांकडे, मग पाटीकडे.

"हे काय?"

"ओळख बघू!"

"मी काही करू नका म्हटलं होतं."

"अगं, चंद्रभान बघशील कसा थक्क होतो ते. उभ्या ठाणे जिल्ह्यात असं जेट कोणाकडं—"

ती नाकावरून पाय टाकून आत गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. संसारी माणसाला भांड्यांच्या आवाजाची भीती वाटत नाही. आवाज थांबला की वाटते.

"टोप कुठाय?"

"कोणता?" मी विचारलं. (घरात मोठा टोप एकच होता.)

"आणि हंडा? परात?"

"नवापूरला."

"नवापूरला कशाला? कल्हईला दिलीत?"

"नाही. देशासाठी."

मग सगळं सांगावं लागलं. मला वाटलं होतं ती आरडाओरडा करील. तिला तो छान येतो, मलाही त्याची सवय आहे. पण ती ओरडली नाही. खोलीत बसायला जागाच नव्हती, म्हणून त्या जेटवरच बसली.

"आई जाऊन दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "चंदूच्या लग्नाला ती नाही. निदान तिच्या टोपातला भात त्याच्या पानात पडावा, एवढं एकच मनात होतं माझ्या. पाटावर बसला की मी त्याला सांगणार होते, हा आईचा भात आहे म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच सांगतो, विनोद करायला म्हणून नाही. मी तिच्या आईला ओळखत होतो. माझ्या जावईपणाबद्दल म्हातारीचं मत फारसं चांगलं नव्हतं, पण ती टोपभर भात करायची तो मला वाढण्यासाठीच. तरी जित्याची खोड! माझ्या तोंडून निघून गेलं, "आपण नागोरावांकडचा टोप आणू. तोही पितळीच आहे."

पुष्पलता उठली. पदर खोचला. "उद्या सकाळी गाडी आणा," म्हणाली.

शनिवारी सकाळी दादूनं शिव्या देत रिबीट काढले आणि जेट पुन्हा तीन वाट्यांत नवापूरला निघालं. गाडीमागून चालताना बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बैलाशी दोनदा बोलली, तेही प्रेमानं.

येसूबाईनं आपलं नळकांडं पाहिलं आणि तिला आनंदच झाला. दोन्ही कडांना रांगेनं भोकं पडलेली. "बरा झाला," ती म्हणाली. "कोंबड्यांना हवा लागंल." तिनं परात तर दिलीच, वर बोंबलांची एक जुडी दिली. मी विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

हिरानं नाक वाळूत पुरलं आणि वरून कळशीवर कळशी ओतली. वरच्या कडेपाशी पाणी पोचलं मात्र, चहूबाजूंनी धारा लागल्या. पाणी भोकांच्या खाली जाऊन थांबलं. दादूच्या ठोकाठोकीनं टोकाकडचा एक जुना सांधाही सुटला असावा, कारण उरलेलं पाणी खालच्या वाळूत मुकाट्यानं निघून गेलं.

"ह्या काय केलास रं?" हिरानं विचारलं. (पहिल्या भेटीत मी 'तुमी' होतो.)

"जतन," मी पुटपुटलो.

"काय?"

"डांबर लावा ना," मी म्हणालो. "होडीला लावताच की. तसंच याला लावायचं."

"डांबराचा पानी तू पी!"

जमुनाच्या शेपटाचीही तीच गत. तिघी आणि माझी बायको अशा चौघी कमरेवर हात ठेवून माझ्याभोवती उभ्या राहिल्या. चार बायकांचं एका गोष्टीवर एकमत होताना मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. विषय मी होतो. जाळी विणत बसलेले पुरुषसुद्धा विणायचे थांबले.

पुष्पलतेनं हिराला बाजूला नेलं आणि टोप कोणाचा ते सांगितलं. मला वाटलं, आता घासाघीस होणार. पण हिरा आत गेली, टोप घासूनपुसून बाहेर घेऊन आली आणि बायकोच्या हातात दिला.

"आयची चीज आमी ठेवनार नाय, बाय," ती म्हणाली. "आदी सांगितला असता तर घेतलाच नसता. पन ह्यानं सांगितला, घरात फुकट पडलाय."

जमुनानंही हंडा आणून ठेवला. बायकोनं डोळे पुसले. मीही पुसणार होतो, पण तेवढ्यात हिरा म्हणाली, "आता माजा पानी कशात भराचा?"

पालघरच्या कुंभाराकडून मोठे रांजण यायला आठ दिवस लागणार होते. तोवर घरात दोन-दोन मडकी, आणि गोड्या पाण्याची विहीर गावाबाहेर, वाळू तुडवत जायचं. मडकी दिवसातून दहादा रिकामी होणार, दहादा भरावी लागणार.

"त्याची काळजी करू नका," पुष्पलता म्हणाली. "पाणी हे भरतील."

"कोण हे?" मी विचारलं.

हिरानं रिकामी कळशी माझ्या पायाशी आणून ठेवली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उद्या सकाळपासून. आठ दिवसांची रजा टाका."

"अगं, उद्या केळवण आहे!"

"केळवण चंदूचं आहे," ती म्हणाली. "तुमचं नाही."

तर त्या रविवारी बोईसरला आमच्या घरी आईच्या टोपात भात शिजत होता, चाळीस पानं मांडली जात होती, आणि घरचा यजमान खांद्यावर कावड आणि दोन्ही टोकांना डबे घेऊन नवापूरच्या वाळूत खेपा घालत होता. नवापुरात पुरुष होडी हाकेल, वादळात जाळं ओढेल, पण पाणी भरणार नाही. त्यामुळे मला बघायला गर्दी झाली. म्हाताऱ्या काठ्या टेकत आल्या. दुपारपर्यंत ज्यांच्याशी माझा काडीचा संबंध नव्हता अशा चार घरांनीही आपापली मडकी रांगेत आणून ठेवली होती. तीही मी भरली. नाही म्हणायची हिंमत माझ्यात शनिवारपासून उरली नव्हती.

उन्हं कलताना सायकलची घंटा वाजली. चंद्रभान! केळवण आटोपून, कपाळावर टिळा, कॅरियरला डबा बांधून तो मला भेटायला आला होता. मी कावड टाकली. अंगात नवं बळ आलं. शेवटी आलाच माझी किंमत जाणणारा माणूस!

"जेवलात का, भावोजी?" त्यानं विचारलं. "ताईनं आईच्या टोपातला भात दिलाय. पहिल्या घासालाच असा आईचा वास—"

"ते राहू दे," मी म्हणालो. (होय, असं म्हणालो. माणसानं किती खाली जावं?) "आधी हे बघ!"

त्याला हाताला धरून मी येसूबाईच्या कुंपणाशी नेलं. "सांग! सेबर आहे की नाही? मी ओळखलं! साऱ्या तालुक्यात मी एकट्यानं ओळखलं!"

चंद्रभान उकिडवा बसला. कोंबडीला हळूच बाजूला केलं, पत्र्यावरून हात फिरवला, आकडे वाचले. येसूबाई, हिरा, जमुना मागे येऊन उभ्या राहिल्या.

"भावोजी," तो हळू आवाजात म्हणाला, "हे विमान नाही. ही तेलाची जादा टाकी आहे. पंखाखाली टांगतात. आणि आकडे आपलेच आहेत, शत्रूचे नाहीत."

"पण... जेटची ना?"

"जेटची."

"मग ती एवढी चांगली टाकी समुद्रात कशी?"

"टाकूनच देतात. आधी हिच्यातलं तेल वापरायचं. ते संपलं की हिचं नुसतं ओझं. मग गरज पडली की पायलट एक बटण दाबतो, टाकी खाली, आणि विमान हलकं होऊन सुसाट निघतं."

येसूबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे काम सरला का टाकून देतात?"

"हो, मावशी."

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग वाळूत पडलेल्या कावडीकडे पाहिलं.

"मंग तुज्या भनीला सांग," ती चंद्रभानला म्हणाली, "ह्याला इतक्यात टाकू नको. रांजन येईपरयंत आमाला लागतो."

साऱ्या नवापुरात हशा उसळला. चंद्रभान तेवढा हसला नाही. एअर फोर्समध्ये शिस्त फार. त्यानं वाकून कावड उचलली, दोन्ही डबे नीट अडकवले आणि ती अदबीनं माझ्या खांद्यावर ठेवली.